डाव्या बाजूचे दोन टिळे

१

परळला गिरणीच्या मागच्या भिंतीवर ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ ही ओळ चुन्यात लिहून पुरी झाली होती, आणि ती लिहिणारे अप्पा गावणकर तिच्याच खाली मरून पडले होते. चुन्याची बालदी सरळ उभी, कुंचा हातात. पहिल्या पाळीला निघालेल्या कामगारांना आधी वाटलं, म्हातारा दमून टेकलाय. मग कुणीतरी हाक मारली, कुणीतरी हात लावला, आणि गल्लीत एकच आरडाओरडा झाला.

साल सत्तावन. दिवाळी सरून आठवडा झाला होता. अप्पा गिरणीतून निवृत्त झालेले कारकून. पहाटे उठून एक भिंत रंगवायची आणि मग पूजेला बसायचं, हा त्यांचा नेम. कुणाच्या अध्यात नाहीत, मध्यात नाहीत. फुटपाथची कड फुटलेली होती, म्हणजे मोटार वर चढली, अप्पांना भिंतीवर फेकलं आणि खाली उतरून चालती झाली. जाताना ती एकच वस्तू मागे टाकून गेली होती. वीतभर लोखंड. मोडलेल्या दांडीचा अर्धा तुकडा, त्यावर गोलात ‘एल’ हे इंग्रजी अक्षर ठोकलेलं.

गॅरेजवाल्यांनी बघताक्षणी सांगितलं, ‘लिंटन’ गाडीची शॉकअपची दांडी. पुढच्या चाकाचे हादरे झेलते ती. लिंटन म्हणजे साधी गाडी, डॉक्टर-वकिलांची, मुंबईत शेकड्यांनी. पण तीन गल्ल्या पलीकडे लवू मिस्त्रीच्या गॅरेजात एक लिंटन उभी होती, आणि तिची पुढची डावी दांडी गायब होती. गाडी डॉक्टर दुर्गाबाई कोठाऱ्यांची. गॅरेजच्या किल्ल्या दोन. एक लवूकडे, दुसरी दुर्गाबाईंचा ड्रायव्हर कुशाबा याच्याकडे. दुपारी बाराच्या आत कुशाबा कोठडीत. आता बोला! इतक्या झटपट तर इराण्याकडे चहा मिळत नाही.

विमा कंपनीने आपला पाहणी अधिकारी धाडला. मनमोहन तळपदे, राहणार गिरगाव, वय एक्कावन्न. मोडलेल्या गाड्या मोजायच्या आणि कागदावर उतरवायच्या, हे पंचवीस वर्षांचं काम. सोमवारी कुशाबाला कोर्टात उभं करणार होते आणि मनमोहनच्या अहवालावर त्याचं बरंचसं अवलंबून होतं. जायच्या आधी दुर्गाबाईंचा फोन आला.

“मनमोहनराव, तो माणूस गल्लीतल्या कोंबडीसाठी ब्रेक मारतो हो. तुम्ही नीट बघा.”

“बघतो,” मनमोहन म्हणाला.

त्याला काही वाटलं नाही. खोटं कशाला सांगा, छप्पन सालच्या जानेवारीपासून त्याला कशाचंच काही वाटत नव्हतं. त्या महिन्यातल्या गोळीबारात त्याचा एकोणीस वर्षांचा मुलगा माधव ठाकुरद्वारला गेला. मोर्चात नव्हता, सायकल नाक्यावर लावून काय चाललंय ते बघायला चार पावलं पुढे गेला होता. सायकल घरी आली, माधव आला नाही. तेव्हापासून मनमोहन जेवत होता, कामाला जात होता, मोजमापं बरोबर घेत होता. आतलं सगळं बधिर झालं होतं.

२

लवू मिस्त्री मालवणकडचा. बुटका, अबोल, हात चोवीस तास ग्रीसमध्ये. मनमोहन गोणपाट अंथरून लिंटनखाली शिरला तेव्हा तो बाजूला उभा राहून नुसता चिंधीला हात पुसत राहिला.

“गाडी तुझ्याकडे कधीपासून?”

“शुक्रवार संध्याकाळपासून. ब्रेकचा काम होता. कुशाबाच ठेवून गेला.”

“सकाळी गॅरेज उघडलंस तेव्हा दांडी नव्हती?”

“माझा लक्ष नाय गेला, सायेब.”

मनमोहनने विजेरी धरली. दांडी जिथे बसते ते दोन्ही बोल्ट शाबूत होते. आटे स्वच्छ, एक ओरखडा नाही. दणक्याने दांडी मोडली असती तर अर्धी पडली असती आणि अर्धी लटकत राहिली असती. इथे दोन्ही टोकं रिकामी. कुणीतरी पान्याने नट सोडवून दांडी काढली होती.

ते त्याने बाहेर उभ्या असलेल्या फौजदारांना सांगितलं तर ते हसले. “अहो, उरलेला अर्धा तुकडा त्यानेच काढून फेकला. पुरावा कोण ठेवील लटकत?”

तेही खरंच होतं. मनमोहनने लिहून घेतलं.

लिंटनच्या शेजारी एक गाडी खाकी कापडाखाली झाकलेली होती. कापड कुणाचं हे मनमोहनला ठाऊक होतं. त्याच्या बायकोचा, सुमतीचा, थोरला भाऊ जगदीश. हायकोर्टातला बडा सॉलिसिटर. तेवढ्यात स्वारी आलीच, पांढरी पॅंट, तोंडात विडा.

“काय रे मनमोहन, गाडीखालून पाय तुझेच वाटले म्हटलं! दुर्गाबाईचं खटारं बघतोयस?”

त्याने कापड ओढलं. ‘ग्रॅंथम’. आखूड चोचीच्या लिंटनपुढे हिचं नाक देवळाच्या दरवाजासारखं उंच. आत अक्रोडी लाकूड, लाल कातडं, जाड चांदीसारखा बंपर. अंगाचा नवा पॉलिशवास अजून गेला नव्हता.

“शुक्रवारी पॉलिशला टाकली होती. आता न्यायला आलो. हिला जप म्हणतो मी लवूला. एक स्क्रू हिचा इथं मिळत नाही. आयात बंद. विलायतेहून मागवायचा तर सहा महिने. काय लवू?”

“व्हय, सायेब,” लवू म्हणाला, आणि खाली बघू लागला.

“आणि लिंटनचं?” मनमोहनने विचारलं, विचारायचं म्हणून.

“लिंटनचं काय! चोरबाजारात चिंचोक्यासारखे मिळतात भाग. राजा वेगळा, हमाल वेगळा.” जगदीश हसला. गाडी चालू केली, आणि ती दूध सांडणार नाही इतकी अलगद गॅरेजबाहेर गेली.

मनमोहन पुन्हा खाली वाकला. मोडक्या दांडीचा दुसरा अर्धा भाग गॅरेजात, गटारात, गल्लीत कुठेच दिसला नाही.

३

संध्याकाळी गिरगावच्या घरी एक बाई दारात उभी. लालबागहून चालत आलेली, पदर घट्ट लपेटलेला. कुशाबाची बायको, मालन.

“दुर्गाबाईंनी पत्ता दिला. साहेब, ते त्या रात्री घरीच होते. पण बायकोचं कोण ऐकतंय? फौजदार म्हणाले, तू दुसरं काय सांगणार.”

“आत ये, बस,” सुमती म्हणाली आणि चहा ठेवायला गेली. सुमतीला वाईट वाटत असे. दिवसभर वाटत असे. नवरा-बायकोच्या वाटणीला आलेलं सगळं वाईट वाटणं ती एकटीच करायची.

मालन बसली नाही. “लायसन गेलं तर ड्रायव्हर मेला साहेब. आणि आमच्या चाळीत आत्ताच म्हणायला लागलेत, समितीच्या माणसाला याने मारलं. अप्पा आमच्या मजल्यावरच्या गावणकरांचे चुलते. हे तुरुंगात गेले तर मी त्या चाळीत पाणी भरायला कुठल्या तोंडाने उतरू?”

बोलता बोलता तिची नजर पॅसेजकडे गेली. तिथे भिंतीला टेकून माधवची सायकल उभी होती. दोन्ही चाकांतली हवा केव्हाच गेलेली. सुमती ती रोज पुसायची. तारा न् तारा. हॅंडलवरचं सुकलेलं कुंकवाचं स्वस्तिक मात्र तिने दोन वर्षं तसंच ठेवलं होतं, कडेकडेने फडकं फिरवून.

“दसऱ्याचं ना?” मालन हळूच म्हणाली.

सुमतीने चहा आणून पुढे ठेवला.

“आमचे पण करतात. दुर्गाबाई बॉनेटवर हार घालतात, कुंकू लावतात. हे गाडीच्या खाली शिरून दांड्यांना शेंदूर लावतात. माझे सासरे गिरणीत जॉबर होते, ते कापड विणायच्या साच्याच्या आतल्या दांड्याला लावायचे. म्हणायचे, बाहेर लावलेलं मालकाचं, आत लावलेलं आपलं. यंदाही लावलाय. तेलातला शेंदूर, वर्षभर हलत नाही.”

मनमोहनने चहाची बशी खाली ठेवली. तो मोडका तुकडा त्याने दुपारी चौकीवर हातात घेऊन पाहिला होता. जुनं ग्रीस होतं, चिखल होता.

शेंदराचा एक कणही नव्हता.

४

दुसऱ्या दिवशी रविवार. मनमोहन सकाळीच चौकीवर. फौजदारांनी कंटाळत तुकडा काढून दिला. त्याने वाटीभर घासलेटात तो बुडवला, बोटाने चोळला, पांढऱ्या रुमालावर निथळला. काळं आलं, तपकिरी आलं. लाल काही आलं नाही.

“शेंदूर म्हणजे पुरावा का हो, तळपदे? कोर्टात नारळ पण फोडणार काय?” फौजदार म्हणाले. “तुकड्यावर लिंटनची खूण. कुशाबाच्या लिंटनला दांडी नाही. बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर. दुसरी बिनदांडीची लिंटन आणा, मी याला आत्ता सोडतो.”

कोठडीत कुशाबा भिंतीला पाठ लावून उकिडवा बसला होता. चाळिशीचा, ओठांवर दाट मिशा, डोळे सुजलेले.

“शेंदूर कुठं कुठं लावलास?”

“चारी दांड्यांना, साहेब. अंगठ्याने. एकेक टिळा.” तो थांबला. “पुढच्या डावीला दोन.”

“दोन का?”

कुशाबाला ते सांगायची लाज वाटली असावी. “आपण रस्त्याच्या डावीने चालवतो. फुटपाथ डावीकडे. माणसं डावीकडे असतात, पोरंबाळं असतात. म्हणून त्या बाजूला देवाला जरा जास्त सांगायचं.”

मनमोहनने ते शब्दशः वहीत उतरवलं. नाक्यावर उभ्या असलेल्या पोराच्या बाजूलाही कुणी देवाला जरा जास्त सांगायला हवं होतं, एवढा विचार येऊन गेला.

म्हणजे हिशेब असा होता. मोडलेली दांडी कुशाबाच्या गाडीची नव्हे. कुशाबाच्या गाडीची दांडी मोडलेलीच नाही. ती दोन टिळ्यांसकट कुणीतरी पान्याने काढून नेली. कशाला नेईल? ज्याची मोडली त्याला बसवायला. म्हणजे दुसरी एक लिंटन हवी, आणि त्या गल्ल्यांत दुसरी लिंटन नाही. लवूकडे काल दोनच गाड्या होत्या. एक लिंटन. दुसरी...

छे! राजा वेगळा, हमाल वेगळा.

तो घरी आला. कपाटातून जुन्या पाहण्यांच्या फायली काढल्या. दोन वर्षांपूर्वी जगदीशच्या ग्रॅंथमचा विमा उतरवला तेव्हा मोजमाप मनमोहननेच घेतलं होतं, सवयीने, इंचाइंचाचं. कालच्या लिंटनचा कागद त्याने शेजारी ठेवला. पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत: एकशे दोन इंच. एकशे दोन इंच. डाव्या चाकापासून उजव्यापर्यंत: एक्कावन्न. एक्कावन्न. जमिनीपासून सांगाड्याची उंची: सात. सात.

दोन्ही गाड्या एकाच विलायती कंपनीच्या. नाक वेगळं, कातडं वेगळं, नाव वेगळं, किंमत तिप्पट. आणि खाली हाडं तीच. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशातली गत. कंपनी एकाच साच्यातून दांड्या ओतत होती, एकच ‘एल’ ठोकत होती, आणि त्या हमालालाही बसवत होती नि राजालाही.

“कुठं निघालात?” सुमतीने विचारलं. “जेवायची वेळ झाली.”

“दादरला. तुझ्या दादाकडे.”

५

जाताना त्याने परळहून लवूला सोबत घेतलं. लवूने का म्हणून विचारलं नाही, आणि तिथेच मनमोहनला निम्मं उत्तर मिळालं.

जगदीश बंगल्याच्या पडवीत वर्तमानपत्र वाचत होता. ग्रॅंथम अंगणात, उन्हात लखलखत.

“रविवारी? ये, जेवायलाच बस.”

“आधी गाडी बघतो.” मनमोहनने कोट काढला आणि सरळ फरशीवर आडवा होऊन गाडीखाली शिरला.

उजव्या पुढच्या दांडीवर दोन वर्षांचं ग्रीस आणि धूळ, खरवडून निघणार नाही अशी. डावी दांडी ताटासारखी घासून पुसलेली. घासलेटाने धुतलेली, ग्रीसचा डाग नाही, मातीचा कण नाही. आणि त्या चकचकीत लोखंडावर, मधोमध, अंगठ्याचे दोन शेंदरी टिळे.

तो बाहेर आला आणि तसाच फरशीवर बसला.

“जगदीश, परवा रात्री क्लबात होतास?”

“होतो. रमी पहाटेपर्यंत चालली. का?”

“म्हणजे गाडी शुक्रवारी पॉलिशला टाकली ते खोटं. परतताना हिच्यातूनच परळच्या गल्लीतून आलास. डुलकी लागली असेल. गाडी फुटपाथवर चढली, शॉकअपची दांडी मोडली, अर्धी तिथेच पडली. बंपर जाड, त्याला पोचाही आला नाही. गाडी उडायला लागली म्हणून जवळच्या लवूला उठवलंस. ग्रॅंथमचा भाग सहा महिने येणार नाही, हे तू जगाला सांगत फिरतोस. पण लवूला माहीत आहे की खाली लिंटनच आहे. त्याने दुर्गाबाईंच्या गाडीची दांडी काढून तुझ्या गाडीला लावली. दोन दिवसांत चोरबाजारातून दुसरी आणून त्यांची भरून टाकणार होतात. पोलीस त्याआधी आले.”

जगदीशने वर्तमानपत्र घडी घालून ठेवलं. “ही सगळी तुझी कल्पना. एका दांडीवरून?”

“कुशाबाचे दोन टिळे आहेत तिच्यावर. डाव्या पुढच्या दांडीला तो दोन लावतो.”

जगदीशने चमकून लवूकडे पाहिलं. “तुला सगळं पुसायला सांगितलं होतं ना रे, गाढवा!”

तोंडातून शब्द गेला तो गेला. वकिलाच्याच.

“पुसलंय, सायेब,” लवू म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. “सगळा पुसलंय. पण देवाचो शेंदूर कसो पुसतलंय? हात रेटलो नाय.” मग तो मनमोहनकडे वळला. “ह्येंनी माझ्या गॅरेजाची केस लढली, एक पैसा नाय घेतला. गाडी फुटपाथावर चढली, एवढाच सांगितला माका. माणूस मेला ता दुपारी कळला. मोडक्या दांडीचो अर्धो भाग भंगाराच्या पिंपात खाली हा. मी दितंय काढून.”

जगदीश खुर्चीतून उठला आणि पडवीच्या पायरीवर येऊन बसला.

“कुशाबाला अडकवायचं माझ्या मनात नव्हतं, मनमोहन. आईशप्पथ.”

“नव्हतं. पण त्याला सोडवायचंही नव्हतं.”

“मी सुमतीचा भाऊ आहे. माधवला खांदा दिलाय मी.” जगदीशचा आवाज फुटला. “तुला काहीच कसं वाटत नाही रे?”

“नाही वाटत,” मनमोहन म्हणाला. “दोन वर्षं झाली. अहवाल आज संध्याकाळी देतोय. तू त्याआधी स्वतः चौकीवर गेलास तर बरं.”

६

चौकीवर पिंपातला अर्धा तुकडा पहिल्या अर्ध्याला लावून पाहिला, तो दातात दात बसावा तसा बसला. फौजदारांनी नारळाची चेष्टा पुन्हा केली नाही. सहा वाजता जगदीश स्वतःहून आला, आणि लवूही त्याच्याच मागोमाग जबाब द्यायला बसला.

घरी सुमती देवाजवळ दिवा लावत होती. मनमोहनने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. त्याला वाटलं ती ओरडेल, माहेरचं नाव काढील, मला आधी का नाही विचारलंत म्हणेल. तिने काडी विझवली.

“दादा थांबला होता का? गाडीतून उतरून त्या म्हाताऱ्याजवळ गेला होता?”

“नाही.”

“दोन वर्षं मी रोज हेच विचारते, माधवजवळ कुणी थांबलं असेल का.” ती देवापुढे खाली बसली. “आता त्या म्हाताऱ्याच्या घरचे माझ्याच भावाबद्दल हे विचारतील.”

मनमोहनला तिच्या खांद्यावर हात ठेवायचा होता. हात जागचा हलला नाही. तो तसाच उभा राहिला, आणि मग बाहेरच्या खोलीत जाऊन बसला.

सोमवारी दुपारी कुशाबा सुटला. संध्याकाळी तो आणि मालन गिरगावला आले. त्याच्या हातात नारळ, तिच्या हातात पेढ्यांचा पुडा. पाया पडू लागला तर मनमोहनने अडवलं. कुशाबा ड्रायव्हर माणूस; नजर फिरत फिरत सायकलवर गेली, चपट्या चाकांवर थांबली.

“टायर असे बसून राहिले तर चिरतात, साहेब. हवा भरू का?”

मनमोहनने सुमतीकडे पाहिलं. दोन वर्षांत त्या सायकलला तिच्याखेरीज कुणी हात लावला नव्हता.

“भर,” सुमती म्हणाली. तिनेच माळ्यावरून पंप काढून दिला. “पण त्या हॅंडलवरचं कुंकू तेवढं...”

“बाई,” कुशाबा म्हणाला, “ते कोण पुसतं?”

तो खाली बसून हवा भरू लागला. पंपाचा फुस्स-फुस्स आवाज पॅसेजभर झाला. माधव कॉलेजला जाण्याआधी रोज सकाळी व्हायचा तोच. मनमोहन खुर्चीतून उठला, भिंतीला धरून पॅसेजपर्यंत आला, आणि सगळ्यांसमोर मोठमोठ्याने रडू लागला. सुमती त्याच्याजवळ येऊन उभी राहिली. कुशाबाने मान वर केली नाही. त्याने पुढचं चाक पुरं केलं आणि मागचं घेतलं.